हरळी, हिरवळ आणि सात अभिप्राय

मराठीचा अध्यापक म्हणून गेली एकोणीस वर्षे मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट सतत बजावत आलो आहे: न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय लिहू नये. परीक्षेत ते खपते, आयुष्यात खपत नाही, असेही मी वर सांगतो. त्याच मी २०२३च्या एप्रिल महिन्यात, कधीही न पाहिलेल्या सात हिरवळींवर, अस्तित्वातच नसलेल्या सात माणसांच्या वतीने, सात अभिप्राय लिहिले. ते बरे उतरले होते, हे आजही कबूल करताना मला किंचित अभिमान वाटतो, आणि या लेखाचे खरे कारण तो अभिमानच आहे.

प्रकरण नेऱ्याचे आहे. नेरे म्हणजे मुळशी तालुक्यातले आमचे गाव. एका अंगाला मारुंजी आणि जांबे, पलीकडे कासारसाईचे धरण, आणि हाकेच्या अंतरावर हिंजवडी. माझ्या लहानपणी हिंजवडी हेही नेऱ्यासारखेच एक गाव होते. आता त्या नावाचा उच्चार केला की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती आणि वाहनांची रांग उभी राहते. आमच्या खाचरांत आंबेमोहर होई. पुढे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी आला आणि त्याने आंबेमोहराला हळूहळू बाजूला सारले. त्यानंतर जे आले त्याने इंद्रायणीलाही बाजूला सारले. जमिनी विकलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांचे काय झाले, याचे एक भडक पण खोटे म्हणता न येणारे चित्र २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने दाखवले. पण ज्या मुलांच्या हाती पिस्तूल आले नाही, गळ्यात सोन्याची साखळीही आली नाही, त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत. माझा पुतण्या हा त्यांतला एक.

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, निम्मी जमीन विकली. त्या पैशांतून घर झाले, मुलीचे लग्न झाले, आजारपण निभावले. उरलेल्या निम्म्यावर भात आणि थोडा ऊस. पुतण्याने बी.ए. केले (मराठी घेऊन, माझ्याच आग्रहाने, त्या पापाचे माप वेगळे), दोन वर्षे एका कंपनीच्या आवारात बागकामाच्या ठेकेदाराकडे देखरेखीचे काम केले, आणि २०२२च्या दिवाळीत एक गवत कापायचे यंत्र, एक ब्रश कटर आणि जुना टेम्पो एवढ्या भांडवलावर त्याने स्वतःचा व्यवसाय सुरू केला. बंगले, तळमजल्याचे बागवाले फ्लॅट, सोसायट्यांची आवारे, कासारसाईच्या बाजूची शेतघरे यांच्या हिरवळी लावून देणे आणि महिन्याच्या बोलीवर त्या राखणे, हा तो व्यवसाय.

दादाला हा व्यवसाय समजावून सांगणे हा माझ्या अध्यापकीय कारकिर्दीतला एक अवघड तास होता. ‘‘कोणतं गवत लावतोय त्यो?’’ त्याने विचारले. मी म्हणालो, बऱ्याच जाती असतात, पण उन्हाला टिकाऊ म्हणून एक बर्म्युडा नावाची लावतात. पुतण्याने फोनवर चित्र दाखवले. दादाने फोन लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला, आणि म्हणाला, ‘‘ही हरळी हाय.’’

ती हरळीच होती. वनस्पतिशास्त्रात ज्याला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात ते हे गवत. गणपतीला वाहिले की त्याला दूर्वा म्हणायचे, रानात आले की हरळी, आणि क्रीडांगणावर किंवा बंगल्यापुढे आले की बर्म्युडा. संकरित वाण वेगळे, पाते अधिक बारीक, पण कूळ तेच. ज्याने शेती केली आहे त्याला हरळी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वरून उपटली तर खालून येते, तुकडे केले तर प्रत्येक तुकडा फुटतो. माझ्या आज्याने आणि दादाने उन्हाळ्यामागून उन्हाळे कुदळीने तिच्या काशा खणून बांधावर वाळत टाकल्या. त्याच जमिनीच्या एका तुकड्यावर आता बंगला आहे, बंगल्यापुढे हिरवळ आहे, आणि दादाचा मुलगा तीत उगवणारे इतर सगळे उपटून ही एकच गोष्ट जगवण्याचे पैसे घेतो. दादा त्या दिवशी एवढेच म्हणाला, ‘‘आधी कळलं असतं तर एवढी खणली नसती.’’

हिरवळ आपली नाही, हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे परसात केळ, अंगणात तुळस, वाड्यात चाफा. नुसते गवत राखायचे, तेही गुरांना न घालता, ही कल्पना साहेबाबरोबर आली. पुण्यात एम्प्रेस गार्डनची देखभाल करणाऱ्या ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची स्थापना १८३० सालची, एवढे सांगितले तरी किती काळ हा शौक इथे मुरतो आहे ते ध्यानात येईल. सारसबागेच्या हिरवळीवर भेळ खात वाढलेल्या पिढ्यांना तो परका वाटत नाही. पण घराला हिरवळ असणे, आणि ती राखायला माणूस ठेवणे, हे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले ते हिंजवडीसारख्या ठिकाणांमुळे. आणि तो माणूस फोनवर शोधायचा हे आले ते त्याहूनही अलीकडे.

इथून ‘लीड’ हा शब्द आमच्या घरात शिरला.

पुतण्याच्या तोंडी तो स्त्रीलिंगी आहे. ‘‘काका, आज तीन लीड आल्या.’’ ‘‘एक लीड गरम होती, पण दुसऱ्यानं उचलली.’’ ‘‘ती मेली.’’ मला आधी निवडणुकीतले मताधिक्य आठवले, मग विजेची तार. पुढे उलगडा झाला. ज्याला काम करून हवे आहे अशा माणसाचे नाव, भाग आणि फोन नंबर, एवढ्या मुद्देमालाला लीड म्हणतात, आणि तो विकत मिळतो. या व्यापाराला इतिहास आहे. जस्टडायल १९९६ साली सुरू झाले तेव्हा ते नावाप्रमाणे फोनवरचे काम होते: आपण फोन करून विचारायचे, पलीकडची व्यक्ती दोन-चार दुकानांची नावे सांगायची. इंडियामार्टही त्याच वर्षीचे. सुलेखा थोडे नंतरचे. २०१४ साली दिल्लीत सुरू झालेल्या अर्बनक्लॅपनेही आरंभी गिऱ्हाइकाची मागणी अनेक कारागिरांपुढे ठेवण्याचीच रीत धरली होती. पुढे ती सोडून त्यांनी कामाचे दर स्वतःच ठरवायला घेतले आणि २०२० साली नाव बदलून अर्बन कंपनी केले. तपशील बदलतात, पण मूळ व्यवहार एकच. पूर्वी दुकानदार जाहिरातीचे पैसे देई आणि गिऱ्हाईक येईल की नाही याचा भार दैवावर टाकी. इथे गिऱ्हाइकाचीच पुडी बांधून विकली जाते.

आणि ती एकालाच विकली जात नाही. पुतण्याने ज्या सेवेचे वार्षिक पॅकेज घेतले होते तिचे नाव मी घेत नाही, कारण रीत बहुतेकांची सारखीच. बावधनच्या कोणी रात्री साडेनऊला ‘लॉन मेंटेनन्स’ असे टंकले की तीच मागणी एकाच वेळी चार-पाच जणांच्या फोनवर वाजते. जो आधी फोन करील त्याची बाजी. म्हणून पुतण्या जेवताना फोन ताटाशेजारी ठेवी आणि डावा हात मोकळा राखी. पाच मिनिटांनी फोन केला तर समोरचा माणूस तोवर तीन जणांशी बोलून वैतागलेला असे आणि चौथ्याला एकच प्रश्न विचारी: ‘‘तुमचा रेट काय?’’ हिरवळ किती, माती कोणती, ऊन किती तास, पाणी कुठले, यांतले काही न सांगता दर मागणाऱ्या माणसाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. अप्रामाणिक उत्तर देता येते, आणि बहुधा काम त्यालाच मिळते.

त्यातून मराठी भाषेने एक विनोद केला. महाराष्ट्रात ‘लॉन’ म्हणजे काय? आपल्यापैकी कितीजणांच्या मनात गवत आले? वाकडपासून पौडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना अमुक लॉन्स, तमुक लॉन्स अशा कमानी आहेत, आणि त्या सगळ्या लग्नाच्या आहेत. मंगल कार्यालयाला भिंती नसल्या की त्याचे लॉन होते. त्यामुळे पुतण्याला भल्या सकाळी फोन येत: ‘‘लॉन किती माणसांचं आहे? बावीस मेची तारीख मिळेल का? केटरिंग तुमचंच घ्यावं लागेल का?’’ आणि या प्रत्येक फोनची किंमत त्याच्या पॅकेजातून वजा होत असे.

मी त्याला वही घालायला लावली. जानेवारी ते मार्च २०२३ या तीन महिन्यांचा हिशेब माझ्यापुढे आहे. एकूण त्रेचाळीस लीड. त्यांतल्या अकरा लग्नाच्या लॉनच्या. नऊ जणांनी फोनच उचलला नाही. आठ जणांना कुंड्या हव्या होत्या किंवा नारळाच्या झावळ्या उतरवून हव्या होत्या. दहा जणांनी फक्त दर विचारला. पाच ठिकाणी तो प्रत्यक्ष जाऊन आला, आणि दोन कामे मिळाली. त्यांतले एक दुसऱ्याच महिन्यात सुटले.

तक्रार केल्यावर सेवेच्या प्रतिनिधीने फार आपुलकीने सांगितले की, दोष लीडमध्ये नाही, ‘प्रोफाइल’मध्ये आहे. अभिप्राय नाहीत, तारे नाहीत. मग लोक कसे विश्वास ठेवतील? मोठे पॅकेज घ्यावे, म्हणजे नाव वर दिसेल. हे गाऱ्हाणे एकट्या नेऱ्याचे नाही. अमेरिकेत होमअ‍ॅडव्हायझर नावाच्या मोठ्या सेवेवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ साली नेमका हाच आरोप ठेवला, की लहान कारागिरांना लीड विकताना त्यांच्या दर्जाबद्दल दिशाभूल केली गेली. आणि जानेवारी २०२३च्या आदेशानुसार त्या कंपनीला ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम देणे भाग पडले. पण त्या एप्रिलमध्ये मला हे काही ठाऊक नव्हते. मला एवढेच दिसत होते की पोराच्या टेम्पोचा हप्ता थकला आहे.

त्या दिवसांत मी वर्गात त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’वर बोलत होतो. १९१५ सालचे ते पुस्तक मी दर वर्षी थोड्या अपराधी भावनेने शिकवतो, कारण खेड्यातून शहरात शिकवायला आलेल्या माणसाला ते आपलेच शवविच्छेदन वाटते. बलुतेदाराला गिऱ्हाईक मिळवावे लागत नसे, ते मला त्या वर्षी प्रथमच टोचले. घरे ठरलेली, सुगीला मिळणारे धान्य ठरलेले, काम वाईट केले तरी दुसरा येणार नाही आणि चांगले केले तरी मोबदला वाढणार नाही. बारा बलुत्यांच्या जोडीला अठरा अलुत्यांची जी यादी सांगतात तीत माळीही येतो. क्षणभर वाटले, किती निवांत व्यवस्था ही! पण दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) ज्याने वाचले आहे त्याला या निवांतपणाची किंमत कोणी भरली ते विसरता येत नाही. गिऱ्हाईक शोधावे न लागणे म्हणजेच गिऱ्हाईक नाकारता न येणे. आज माझ्या पुतण्याला नाकारण्याचे स्वातंत्र्य आहे. फक्त नाकारायला समोर कोणीतरी यावे लागते.

असो. मूळ मुद्द्याला आता अधिक टाळत नाही.

एका रविवारी रात्री तो आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, ‘‘काका, सात रिव्ह्यू लागतात. सात मित्र आहेत, त्यांच्या फोनवरनं टाकतील. पण सगळे ‘काम चांगले आहे, धन्यवाद’ एवढंच लिहितात. एकाच माणसानं लिहिल्यासारखं वाटतंय. तुम्ही लिहून द्या.’’

मी नकार द्यायला हवा होता. मी तोंड उघडलेही. पण त्याने असे काम मागितले होते जे मला येते. निरनिराळ्या पात्रांना निरनिराळी भाषा देणे, हे मी वर्षानुवर्षे इतरांच्या कथांत दाखवत आलो आहे. स्वतः लिहिलेल्या दोन कथा परत आल्यापासून मी त्या वाटेला गेलो नव्हतो. आणि इथे एक संपादक पायरीवर बसला होता, ज्याला माझे सगळे लेखन स्वीकारायचे होते.

अर्ध्या तासात सहा झाले. एक संगणक अभियंता, तुटक, इंग्रजी शब्दांनी भरलेला. एक सोसायटीचा सचिव, ज्याला प्रत्येक वाक्यात ‘सदर’ लागते. एक विदर्भातून आलेली तरुण गृहिणी. एक लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ, वेळेच्या बाबतीत कडक. एक शेतघराचा मालक. एक सदैव असमाधानी माणूस, त्याला मी मुद्दाम पाचऐवजी चार तारे द्यायला लावले, कारण सगळे पाच असले तर कोणी विश्वास ठेवत नाही. हे मला कोणी शिकवले नव्हते. वास्तववादाचे तंत्र अंगात भिनलेले असते.

सातवा मी सावकाश लिहिला. एक निवृत्त शिक्षिका. हिरवळ तिच्या नवऱ्याने लावलेली. तो गेल्यावर वर्षभर तिला तिकडे पाहवेना. मग पावसाळ्यानंतर ठिकठिकाणी पिवळे डाग पडू लागले. दोन माळ्यांनी पाणी वाढवा म्हणून सांगितले, एकाने युरिया टाकला. या मुलाने गवत उचलून मुळांतली हुमणी दाखवली आणि महिन्याभरात हिरवळ परत आणली. शेवटचे वाक्य होते: ‘आता संध्याकाळी मी पुन्हा तिथे खुर्ची टाकते.’ पुतण्याने वाचले आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘हुमणीचं बरोबर आहे. गवत असं गोधडीसारखं उचललं जातंय.’’ हुमणी त्याला उसामुळे माहीत होती. माझ्याकडे जे खरे होते ते मी त्याच्याकडूनच घेतले होते.

अभिप्राय लागले. लीड वाढल्या की नाही सांगता येत नाही, पण फोनवरचा सूर बदलला. मे ते सप्टेंबर त्याला सहा कामे मिळाली. टेम्पोचा हप्ता भरला गेला. वर्गात मी नेहमीप्रमाणे शिकवत राहिलो.

ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी मी नेऱ्याला गेलो असताना त्याला एका बाईंचा फोन आला. तो उठून अंगणात गेला, येरझाऱ्या घालू लागला, आणि मग फोनवर हात दाबून माझ्याकडे आला. ‘‘काका, तुमच्या त्या शिक्षिका कुठल्या सोसायटीत राहतात म्हणून विचारतायत. तुम्हीच बोला.’’

मी फोन घेतला. आवाज वयस्कर, स्वच्छ, पुणेरी. त्या म्हणाल्या, त्यांच्याही हिरवळीवर डाग पडले आहेत. सेवेने पाच जणांची नावे पाठवली होती. त्यांनी सगळे अभिप्राय वाचले आणि त्या एका अभिप्रायामुळे इथे फोन केला. ‘‘माझे यजमान मार्चमध्ये गेले. हिरवळ त्यांचीच. त्या बाईंनी जे लिहिलंय ना, पाहवत नव्हतं म्हणून, ते अगदी... म्हणून वाटलं, आधी त्यांच्याकडे जाऊन यावं. त्यांची हिरवळ पाहीन, त्यांना भेटेन. तुम्ही त्यांना विचाराल का, चालेल का म्हणून?’’

खोटे बोलण्याच्या अनेक वाटा त्या क्षणी मला दिसल्या. त्या गावाला गेल्या आहेत. त्यांनी घर बदलले. त्यांना माणसे भेटलेली आवडत नाहीत. प्रत्येक वाट मला पुढच्या वाक्यासकट दिसत होती. पण ज्या बाईला त्यांना भेटायचे होते तिला मी एका रात्रीत, पायरीवर बसून, पुतण्याच्या हप्त्यासाठी केले होते, आणि या बाईंच्या घरी मार्च महिना खरा होता.

मी सांगितले. मी मुलाचा चुलता, कॉलेजात मराठी शिकवतो, ते मी लिहिले आहे, अशी कोणी बाई नाही. मुलाला काम येते, ते मात्र खोटे नाही. माफ करा.

पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन बंद झाला असे वाटून मी तो कानापासून दूर केला. मग त्या म्हणाल्या, ‘‘बरं.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘छान लिहिता तुम्ही.’’ आणि फोन ठेवला.

माझ्या लेखनाला आजवर मिळालेला तो एकमेव उत्स्फूर्त अभिप्राय आहे.

पुतण्या रागावेल असे मला वाटले होते. तो म्हणाला, ‘‘खरं बोललात ते बरं झालं. लीडचे पैसे तेवढे गेले.’’ मग तो टेम्पोच्या बोनेटला टेकून फोनवर काहीतरी टंकत राहिला. मी विचारले, काय करतोस? त्याने दाखवले. त्या बाईंच्या नंबरवर तो निरोप लिहीत होता: डाग पडला आहे तिथे कडेला फूटभर चौकोन कापून गवत उचलून बघा. अलगद आले तर खाली पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसतील. त्या वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका. कृषी सेवा केंद्रात मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती शेणखतात कालवून टाका आणि ओल ठेवा. युरिया टाकू नका. पंधरा दिवस थांबलात तर सगळे जाईल म्हणून लवकर सांगतो. पैसे नकोत.

शुद्धलेखनाच्या अनेक चुका होत्या. मी म्हणालो, दे, नीट करून देतो. तो म्हणाला, ‘‘राहू द्या काका.’’ आणि त्याने तो तसाच पाठवला. दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर आले नाही. आजतागायत आलेले नाही. त्या हिरवळीचे काय झाले ते आम्हांला माहीत नाही.

त्या आठवड्यात आम्ही अभिप्राय काढायला बसलो. एव्हाना मी या विषयावर थोडे वाचले होते. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले, तेही ऐच्छिक स्वरूपाचे. म्हणजे मी जे केले ते माझ्या लिहिण्याच्या पाच महिने आधीच सरकारदरबारी एक ओळखलेली व्याधी होती. सात मित्रांपैकी सहाजणांनी आपापले अभिप्राय काढून टाकले. सातव्याचा जुना नंबर बंद झाला होता, फोन विकला होता, पासवर्ड आठवत नव्हता. त्याच्याच खात्यावर ती निवृत्त शिक्षिका होती. आम्ही सेवेला कळवले. उत्तर आले की, खातेधारकानेच विनंती करावी. खातेधारकाला खात्यात शिरता येत नव्हते. ती अजून तिथे आहे. संध्याकाळी खुर्ची टाकून बसते. छापील स्वरूपात माझे जे काही प्रसिद्ध झाले आहे ते सगळे मिळून जितक्यांनी वाचले नसेल तितक्यांनी तिला वाचले असेल.

पॅकेज संपल्यावर पुतण्याने ते पुन्हा घेतले, पण लहान. लीडवाचून चालत नाही, असे तो म्हणतो, आणि त्याच्याशी वाद घालण्याइतका मी त्या बाजारात उभा राहिलेलो नाही. नवे गाव, नवी माणसे. शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचे नाव ठाऊक नसलेल्यांनी माळी कोणाला विचारून ठेवावा? मात्र त्याने एक बदल केला. एका सोसायटीत काम असले की तो ते संध्याकाळी करतो, लोक फिरायला बाहेर पडतात तेव्हा. ऊन उतरलेले असते हे कारण तो सांगतो. पण कुंपणापाशी थांबून कोणीतरी विचारतेच, ‘‘हे गवत कुठलं?’’ आणि पूर्वी जो बर्म्युडा म्हणे तो आता म्हणतो, ‘‘हरळी आहे. गणपतीला वाहता ना, तीच. थोडी सुधारलेली.’’ लोक हसतात आणि नंबर घेतात.

२०२४च्या जानेवारीत त्याला पहिला खरा अभिप्राय मिळाला. त्याने तो मला रात्री अकराला पाठवला, संतापून. लिहिणाऱ्याने अर्धे रोमन लिपीत आणि अर्धे देवनागरीत लिहिले होते. तिसरा तारा नव्हता की पाचवा, नेमके चार. मजकूर एवढाच: काम चांगले करतो. लव्हाळा मुळापासून काढतो, इतर लोक वरून कापतात. पण सांगितलेल्या वेळेला कधी येत नाही.

‘‘तो तारा वाढवून मागू का?’’ पुतण्याने विचारले. मी म्हणालो, नको. तो म्हणाला, ‘‘तुम्हीपण एकाला चार दिले होते की.’’

दिले होते. माझा तो असमाधानी माणूस कशावर नाराज होता ते मी वहीत शोधले. त्याने लिहिले होते की, कामगारांचे हसणे-बोलणे जरा मोठ्याने असते. वाचताना मला ते फार जिवंत वाटले होते. आता पाहिले तर ती नाराजी मी अशी निवडली होती की जिने कोणाचे काम जाणार नाही. या खऱ्या माणसाने मात्र नेमके तेच लिहिले होते ज्याने काम जाऊ शकते, आणि ते खरे होते. पुतण्या वेळेला येत नाही, लहानपणापासून येत नाही. आणि तरीही ‘मुळापासून’ हा शब्द तिथे होता. ज्याने गुडघ्यावर बसलेल्या माणसाला खुरप्याने लव्हाळ्याची गाठ काढताना पाहिले आहे, त्यालाच तो शब्द सुचू शकतो.

मी त्याला लिहिले, अभिप्राय राहू दे, वेळेला जात जा. दादाला दुसऱ्या दिवशी तो वाचून दाखवला. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि म्हणाला, ‘‘मुळापासनं काढतो म्हणतोय ना? मग झालं.’’